पुण्याच्या १६५ नगरसेवकांना खुलं पत्र : स्पर्धा झाली, आता रोजच्या सायकलचं बघा

पुणे महानगरपालिकेतल्या सगळ्या नगरसेवक ताई आणि दादांना,

सप्रेम नमस्कार.

निवडून आलात त्याबद्दल आधी अभिनंदन. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे होता, त्यामुळे गल्लीतली तक्रार नेमकी कुणाच्या दारात न्यायची हेच कळायचं नाही. आता प्रत्येक प्रभागात चार-चार जण आहात, एका प्रभागात तर पाच. खरं तर माझ्या प्रभागातल्या चौघांनाच लिहिणार होते, पण सायकल काय एका प्रभागात फिरत नाही, घरून निघून ऑफिसला पोचेपर्यंत माझे प्रभाग बदलतात आणि रस्ता मात्र एकच असतो, म्हणून सगळ्यांना लिहितेय. आणि उघड लिहितेय म्हणजे बाकीच्या सायकलवाल्यांनाही वाचता येईल, कुणाला भर घालायची असेल तर घालता येईल.

मी एरंडवण्यात राहते, नारायण पेठेत एका लहानशा ऑफिसात अकाउंट्सचं काम बघते, वय पन्नाशीच्या आसपास. रोज सायकलने जाते आणि सायकलने येते. साधी काळी लेडीज सायकल आहे, पुढे बास्केट, मागे कॅरिअर, गिअर नाहीत. वजन कमी करायला किंवा रविवारी सिंहगडापर्यंत जायला घेतलेली नाही (जे जातात त्यांचं मला कौतुकच आहे), ती माझी रोजची गाडी आहे. किराणा तिच्यावर येतो, मंडईतली भाजी तिच्यावर येते, आईची औषधं तिच्यावर येतात. सायकल बंद पडली तर माझा दिवस बंद पडतो. एवढं सांगायचं कारण म्हणजे पुढे जे लिहिलंय ते छंदाबद्दल नाहीये, रोज कामावर जाण्याबद्दल आहे.

लिहावंसं का वाटलं ते सांगते. जानेवारीत आपल्याकडे पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धा, पाच दिवस, ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे सायकलपटू आले. मी बघायला गेले होते, रस्त्याच्या कडेला उभं राहून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, शेजारी एक शाळेतला मुलगा होता तो तर नुसता नाचत होता. मनापासून आनंद झाला. त्या स्पर्धेसाठी खड्डे बुजले, नवीन डांबर पडलं, आणि सायकलसाठी रस्ता नीट करायचा म्हटलं तर आपल्या शहराला तो करता येतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या भागातल्या एका रस्त्यावर, जिथे कसाबसा का होईना पण सायकल ट्रॅक होता, तिथे एका सकाळी पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या दिसल्या. टू-व्हीलर पार्किंगच्या पट्ट्या. ट्रॅकच्या बरोब्बर वर. संध्याकाळपर्यंत त्या गाड्यांनी भरूनही गेल्या. कुणी मारल्या, कुणाच्या सांगण्यावरून मारल्या हे विचारायला गेले तर या टेबलावरून त्या टेबलावर, आणि शेवटी एकजण म्हणाले, "मॅडम, तिथून सायकली जातात कुठे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण मी जाते. माझ्यासारखे बरेच जातात. पण आम्हाला कुणी मोजलेलंच नाही.

कोण कोण जातं ते मी तुम्हाला सांगते कारण मी रोज त्यांच्याबरोबर असते. पहाटे पेपर टाकणारी मुलं असतात, नाईट ड्युटी संपवून घरी निघालेले वॉचमन असतात, त्यांच्या हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी लटकलेली असते. साईटवर जाणारे गवंडी आणि रंगारी, कॅरिअरला घमेलं किंवा ब्रश बांधलेला. पेठांतल्या अभ्यासिकांत एमपीएससीचा अभ्यास करणारी बाहेरगावची मुलं-मुली, ज्यांना मेस आणि अभ्यासिका आणि रूम एवढ्याच फेऱ्या असतात आणि पेट्रोल परवडत नाही. शाळेच्या मुली, तीन-तीनच्या ओळीत गप्पा मारत जाणाऱ्या, ज्यांना मागून हॉर्न वाजला की दचकून एकामागे एक व्हावं लागतं. हे सगळे सकाळी लवकर जातात किंवा रात्री उशिरा येतात, म्हणून दहा ते सहा ऑफिसात बसणाऱ्याला दिसत नाहीत. ते कुठल्या मोर्च्यात येत नाहीत आणि निवेदनं देत नाहीत, पण त्यातले पुष्कळ तुमचे मतदार आहेत.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. पाळी सुटली की सायकलींचा जो लोंढा बाहेर पडायचा तो ज्यांनी बघितलाय त्यांना पुण्याला सायकलींचं शहर का म्हणायचे ते वेगळं सांगायला नको. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सला जाणारे सुद्धा सायकलने जायचे, एवढं लांब. त्या काळी सायकलला महापालिकेचा कर होता, कर भरला की पत्र्याचा छोटा बिल्ला मिळायचा तो सायकलला लावायचा, रात्री दिवा नसला की पोलीस धरायचे, डबलसीट धरायचे. वडील बिल्ल्याबद्दल कुरकुर करायचे, पण मला आता त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. शहराला माहीत होतं आपल्याकडे सायकली किती आहेत. त्या वहीत होत्या. आज नाहीत, आणि वहीत नाहीत म्हणून रस्त्याच्या नकाशात पण नाहीत, असं मला अकाउंट्सचं काम करणारी बाई म्हणून वाटतं.

आता सायकलवरून शहर कसं असतं ते थोडं लिहिते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळा सुटल्यावर सायकल सोडली असणार.

गाडीत बसलं की पुणं सपाट वाटतं. सायकलवर बसलं की पायांना कळतं की हे शहर नदीकडे उतरतं आणि नदीपासून चढतं. सकाळी कर्वे रोडने डेक्कनकडे येताना मी फार पॅडल मारतच नाही, उतार मला आणतो, आणि संध्याकाळी तोच उतार परत फेडावा लागतो, नळस्टॉपपर्यंत हळूहळू चढ लागतो, एवढा हळू की गाडीवाल्यांना जन्मभर त्याचा पत्ता लागणार नाही. चढावर घाई केली की दम लागतो, म्हणून मला घाई न करता वेळेवर पोचायची सवय लागली. आणि खरंच वेळेवर पोचते. स्कूटर होती तेव्हा कधी वीस मिनिटं लागायची कधी पाऊण तास, सायकलला रोज साधारण तेवढाच वेळ लागतो, ट्रॅफिक असो की नसो. संध्याकाळी साडेसहाला कर्वे रोडवर माझ्या शेजारून पुढे गेलेली कार मला पुढच्या सिग्नलला भेटते, त्याच्या पुढच्याही सिग्नलला भेटते.

झेड ब्रिज माझा सगळ्यात आवडता तुकडा. चारचाकी तिथे येत नाहीत. डेक्कनकडून वर चढायचं, मध्यावर आलं की नदीवरचा वारा लागतो, आणि मग नारायण पेठेकडे सरळ उतार. संध्याकाळी कठड्याला गाड्या लावून लोक वारा खात उभे असतात, पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो आणि तिथली सगळी गर्दी इकडे आणि लकडी पुलावर येते, तेव्हा जरा ओढाताण होते, पण तरी. रोज सकाळी त्या मध्यावर आल्यावर मला जे बरं वाटतं ते माझ्या घरच्यांनाही कळतं, म्हणजे मुलगी म्हणते की आई तू सुट्टीच्या दिवशी जास्त चिडतेस.

आणि वास. पावसाळा संपता संपता बुचाची फुलं पडायला लागतात, पांढरी लांब देठाची, रस्त्यावर त्यांचा सडा असतो आणि तो वास सायकलवाल्यालाच मिळतो, काच लावून बसलेल्याला नाही आणि हेल्मेटच्या आत बसून चाळीसच्या स्पीडने जाणाऱ्याला पण नाही. बेकरीसमोरून गेलं की कळतं बटर निघाले. कुठल्या गल्लीत ड्रेनेज फुटलंय तेही पहिल्यांदा सायकलवाल्यालाच कळतं, हे तुमच्या कामाचं आहे, खरंच. कुठली झाकणं खचलीत, कुठला दिवा आठ दिवस बंद आहे, कुठे पाणी साठतं, हे आम्हाला पाठ असतं. आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही फुकट सांगू.

माणसं भेटतात. सिग्नलला पाय टेकून उभं राहिलं की शेजारच्या सायकलवाल्याशी बोलणं होतंच. एक फुलवाल्या मावशी आहेत, मी हळू जाते म्हणून त्यांना मला हाक मारता येते, "आज अष्टर घेऊन जा गं." मंडईतून भाजी घेऊन निघताना दोन्ही हँडलला सारख्या वजनाच्या पिशव्या लावायच्या, एका बाजूला बटाटे-कांदे आणि दुसऱ्या बाजूला नुसती मेथी असं केलं की सायकल एका अंगाला ओढते आणि वळताना पिशवी गुडघ्याला लागते, हे कुणी शिकवत नाही, गुडघाच शिकवतो. मग बटाटे कॅरिअरला आणि पालेभाज्या बास्केटमधे अशी वाटणी ठरते. मला त्यात आनंद वाटतो. आठवड्याची भाजी आपल्या पायांच्या जोरावर घरी आली याचा आनंद वाटतो, तो मी लपवत नाही.

हे सगळं छान आहे म्हणून मी सायकल सोडलेली नाही. पण ती चालवणं दिवसेंदिवस अवघड केलं जातंय आणि ते आता गप्प बसून बघवत नाही. काय काय अवघड आहे ते मांडते.

सगळ्यात मोठं दुखणं तुटलेल्या ट्रॅकचं. २००६ च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेला वेगळा मार्ग, सुरू झाली, देशातली अशी पहिली, तिच्याबरोबर सातारा रोडला, सोलापूर रोडला सायकल ट्रॅक आले, नंतर इतर रस्त्यांवर पण आले. म्हणजे ट्रॅक बांधलेच नाहीत असं नाहीये, पैसे खर्च झालेत. पण ट्रॅक सुरू होतो तिथे फुटपाथची पायरी, त्यावर सायकल उचलून चढवायची. आत शिरायला लोखंडी खांब, मोटरसायकल येऊ नये म्हणून लावलेले, ते इतके जवळ की माझ्या हँडलला घासतात आणि मोटरसायकल मात्र पुढच्या गेटमधून आत येतेच. मग पेव्हर ब्लॉक, काही निघालेले. मग प्रत्येक सोसायटीच्या गेटला ट्रॅक खाली उतरतो आणि परत वर चढतो, मग मधेच विजेचा डीपी, मग बसस्टॉप, बसस्टॉपच्या मागून जावं तर तिथे बाकावर माणसं बसलेली आणि त्यांचं काहीच चुकत नाही, त्यांनी उभं तरी कुठे राहायचं. आणि मग चौकाच्या आधी ट्रॅक संपतो. चौकाच्या आधी! जिथे सायकलवाल्याला खरी गरज असते, वळणाऱ्या बस आणि डंपर असतात, तिथे तो तुम्हाला सोडून देतो. म्हणून लोक ट्रॅकवरून जात नाहीत, आणि लोक जात नाहीत म्हणून मग वर म्हणतात की सायकली आहेत कुठे, ट्रॅकचा उपयोग काय, मारा पार्किंगच्या पट्ट्या. तुटक ट्रॅकवरून माणसं मोजाल तर कमीच भरणार. पाण्याची पाइपलाइन दहा ठिकाणी तोडून ठेवली आणि मग नळाला पाणी नाही म्हणून या लोकांना पाणी नकोच असं ठरवलं, तसं हे आहे.

दुसरं, गटाराच्या जाळ्या. हे तुम्ही कृपा करून स्वतः जाऊन बघा. रस्त्याच्या डाव्या कडेला पावसाचं पाणी जायला लोखंडी जाळी असते. तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असल्या तर चाक वरून जातं. पण कित्येक ठिकाणी त्या रस्त्याला समांतर बसवल्यात, म्हणजे सायकल ज्या दिशेला जाते त्याच दिशेला फटी. मी उतरून बोटं घालून बघितलीयेत, माझी दोन बोटं आरामात जातात, आणि सायकलचं टायर त्याहून फार जाड नसतं. पावसाळ्यात वरून पाणी वाहत असलं की फट दिसत नाही. मागच्या पावसाळ्यात माझं पुढचं चाक अशाच एका जाळीत अडकलं आणि मी हँडलवरून पुढे पडले. मनगटाला प्लास्टर. रिम आउट झाली, तारा बदलाव्या लागल्या. मागून येणारी बस लांब होती म्हणून आज हे पत्र लिहितेय. ही जाळी कुणी बसवली त्यांचं नाव मला इथे घ्यायचं नाही, कुणाला शिक्षा व्हावी असंही नाही, फक्त ती जाळी काढून नव्वद अंशात फिरवून बसवायची आहे. नवीन लोखंड सुद्धा लागत नाही बहुतेक ठिकाणी. झाकणांचं पण तसंच, डांबराचे थर वर चढत जातात आणि झाकण खाली राहतं, सायकलवाला ते चुकवायला उजवीकडे येतो आणि मागून शिव्या खातो.

तिसरं, सायकल लावायची कुठे. बँकेत जा, नाट्यगृहात जा, मॉलला जा, कारला जागा असते, टू-व्हीलरला जागा असते, सायकल नेली की वॉचमन म्हणतो "ताई, बाहेर लावा." आणि तो वॉचमन स्वतः सायकलने आलेला असतो, त्याची पण सायकल बाहेरच्या झाडाला बांधलेली असते. त्याच्यावर माझा अजिबात राग नाही. बाहेर लावली की ती चोरीला जाणार किंवा फुटपाथ अडवला म्हणून उचलली जाणार. लोखंडाची एक आडवी दांडी जमिनीत रोवली की तिला चार सायकली साखळीने बांधता येतात, एका कारच्या जागेत त्याच्याहून जास्त मावतात. मेट्रोने मार्च २०२२ ला सुरू झाल्यापासून डब्यात सायकल न्यायला परवानगी दिली ही फार चांगली गोष्ट झाली, पण सगळ्यांना सायकल आत न्यायची नसते, स्टेशनखाली खात्रीने बांधून जायची सोय पाहिजे असते.

चौथं जरा लहान वाटेल, पण मला ते फार लागतं. पंक्चरवाले नाहीसे होतायत. आमच्या कोपऱ्यावर एक काका बसायचे, एक पेटी, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, तिथे पेन्सिलीने खूण, घासायचं, सोल्युशन लावून फुंकर मारायची, ठिगळ बसवून ठोकायचं. दहा मिनिटांत मी परत रस्त्यावर. अतिक्रमणाची गाडी दोनदा आली आणि काका गेले. आता सायकल ढकलत बराच लांब चालावं लागतं, कारण गाड्यांच्या टायरची जी मोठी दुकानं आहेत ती सायकलला हात लावत नाहीत. ज्या शहराला सायकल वाढवायची आहे त्या शहराने पंक्चरवाल्याला तीन फूट जागा दिली पाहिजे.

उड्डाणपूल जिथे उतरतात तिथे आमची जी तारांबळ होते त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, इथे नुसता उल्लेख करते.

आता तुम्ही म्हणाल की यासाठी आराखडा लागतो, अभ्यास लागतो. आराखडा आहे. २०१७ च्या डिसेंबरमधे याच महापालिकेच्या मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केलाय, आठशे किलोमीटरच्या वर जाळं दाखवलंय त्यात, त्यात ट्रॅक आहेत, गल्ल्या आहेत, पार्किंग आहे. रस्ते कसे आखायचे याची मार्गदर्शक तत्त्वं त्याच्याही आधी, २०१६ ला केलीयेत. केंद्राच्या २००६ च्या शहरी वाहतूक धोरणात स्वच्छ लिहिलंय की गाड्या नाही तर माणसं हलवायची आहेत, आणि चालणारे व सायकलवाले आधी. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेला जायला सायकली देतं, का देतं, तर सायकल असली की मुलीची शाळा सुटत नाही. हे सगळं आपलंच आहे. नवीन काही ठरवायचं नाहीये.

ज्यांना वाटतं की लोकांनाच सायकल नकोय त्यांना भाड्याच्या सायकलींची आठवण करून द्यायची आहे. २०१७ च्या शेवटी विद्यापीठात आणि औंधला त्या आल्या, मोबाईलवरून कुलूप उघडायच्या, पिवळ्या, केशरी. नंतर इतर भागांत पण दिसायला लागल्या. कॉलेजची मुलं, ऑफिसवाले, आजोबा सुद्धा चालवत होते, मी स्वतः बघितलंय, सुरुवातीला तर सायकल शिल्लक राहायची नाही. दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. मोडतोड झाली, कंपन्यांची गणितं बसली नाहीत, कारणं बरीच असतील, पण माझ्या मते मुख्य कारण हे की सायकली आधी आल्या आणि त्या चालवायला रस्ता आलाच नाही. लोकांना सायकल हवी होती. पहिल्या आठवड्यात दोनदा कट बसला की माणूस घाबरतो आणि परत स्कूटर काढतो, त्याला दोष कसा देणार.

आणि एक गोष्ट गाडीवाल्यांच्या बाजूने पण सांगते. आम्हाला तुमचा रस्ता काढून घ्यायचा नाहीये. कर्वे रोडवर जो प्रत्येक माणूस सायकलवर आहे तो तुमच्या पुढच्या सिग्नलच्या रांगेतला एक कमी आहे. त्याला डावीकडे नीट जागा मिळाली तर तो तुमच्या गाडीच्या पुढे मधेच येणार नाही. इतकं साधं आहे हे.

आता मागण्या. मोठ्या नाहीत, आणि मुद्दाम मोठ्या ठेवलेल्या नाहीत.

ट्रॅकवर मारलेल्या पार्किंगच्या पट्ट्या पुसा. फक्त आमच्या भागातल्या नाही, शहरात जिथे जिथे मारल्या असतील तिथल्या. आणि इथून पुढे कुठल्याही सायकल ट्रॅकचा वापर बदलायचा असेल तर आधी सभेत विषय आणा, लोकांना बोलू द्या, एका सकाळी उठून परस्पर रंग मारू नका.

पावसाळ्याच्या आत गटाराच्या समांतर जाळ्या फिरवून बसवा. प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागातली यादी करायची म्हटली तर एका रविवारचं काम आहे. सायकलवाल्यांना बोलवा, आम्ही खडू घेऊन येऊ आणि खुणा करून देऊ.

आठशे किलोमीटर एकदम नकोत. एक रस्ता करा पण सलग करा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चौकांसकट. माझ्या मनात कोथरूड-डेक्कन-मंडई-स्वारगेट आहे, तुमच्या मनात दुसरा असेल तर तो घ्या, पण दोन मीटर रुंद, एका पातळीत, मधे डीपी नाही, पायरी नाही, चौकात सायकलसाठी रंगवलेली वेगळी जागा, आणि सिग्नल सुटताना सायकलला काही सेकंद आधी सोडायचं. तो झाला की पुढचा. एक सलग रस्ता लोकांनी वापरून बघितला की पुढच्या रस्त्यासाठी मला पत्र लिहावं लागणार नाही, लोकच तुमच्याकडे येतील.

आम्हाला मोजा. प्रत्येक मोठ्या चौकात, पहाटे साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. आणि आकडे जाहीर करा, कमी आले तरी जाहीर करा.

महापालिकेच्या स्वतःच्या इमारतींपासून सुरुवात करून नाट्यगृहं, उद्यानं, दवाखाने, वाचनालयं, मंडया, सगळीकडे सायकल बांधायच्या दांड्या बसवा, गेटच्या आत, वॉचमनच्या नजरेसमोर. खासगी ऑफिसं, मॉल आणि सोसायट्यांना त्यानंतर सांगता येईल.

सायकल दुरुस्ती आणि पंक्चरवाल्यांना परवाने द्या, ट्रॅकच्या कडेला ठरावीक अंतरावर जागा आखून द्या, आणि अतिक्रमणाच्या गाडीला तसं लेखी सांगा.

आणि सायकलच्या कामासाठी एक अधिकारी नेमा ज्याचं नाव, फोन आणि बसायची जागा लोकांना माहीत असेल. मला टेबलं फिरायची नाहीयेत, त्यांनाही फिरवायची हौस नसेल, पण कुणाचंच काम नसलं की असंच होतं.

या सगळ्याला किती पैसे लागतात ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. मला एवढं कळतं की जाळ्या फिरवायला, पट्ट्या पुसायला, दांड्या रोवायला आणि मोजायला उड्डाणपुलाएवढे लागत नाहीत.

३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ ला ठरवला. दरवर्षी त्या दिवशी फेरी निघते, टोप्या आणि टी-शर्ट वाटतात. या वर्षी फेरी काढलीत तर मी येईन, मला आवडेलच. पण त्याच्या आत तुमच्यापैकी कुणीतरी सभेत हे विषय मांडावेत आणि कोणती मागणी मान्य, कोणती नाही आणि का नाही, हे लेखी कळवावं ही विनंती आहे. नाही असलं तरी चालेल, त्यावर परत बोलू. पत्राची छापील प्रत माझ्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांच्या कार्यालयात सोमवारी सकाळी ऑफिसला जाता जाता देतेय, पोच घेणार आहे.

आपली,
एरंडवण्यातली एक रोजची सायकलवाली